सोमलापासून डीएनएपर्यंत : मद्रास मुलखातील न्यायसहायक प्रयोगशाळांचा इतिहास

भारतात गुन्ह्याच्या तपासासाठी सरकारी प्रयोगशाळा पहिल्यांदा उभी राहिली ती मद्रासमध्ये, १८४९ साली. 'केमिकल एक्झामिनर' हा तिचा प्रमुख. तिच्या धर्तीवर १८५३ मध्ये कलकत्त्याला, १८६४ मध्ये आग्र्याला आणि १८७० मध्ये मुंबईला अशाच प्रयोगशाळा निघाल्या. मुंबई इलाख्यात या अधिकाऱ्याला 'केमिकल अ‍ॅनलायझर' म्हणत. त्याच्या अहवालाचे 'सीए रिपोर्ट' हे नाव महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत आजही रूढ आहे. अहवाल विषाचा असो, रक्ताचा असो की डीएनएचा.

या प्रयोगशाळा जन्मल्या त्या विषप्रयोगांमुळे. सोमल बाजारात सहज मिळे, त्याला चव नसे आणि त्याने होणारे ओकाऱ्या-जुलाब पटकीसारखे दिसत. पटकीची साथ दरवर्षी येणाऱ्या मुलखात असा मृत्यू संशयाशिवाय पचून जाई. वाटसरूंना धोतऱ्याचे बी खायला घालून लुटण्याचे प्रकारही नित्याचे होते. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स मार्श यांनी सोमल ओळखण्याची खात्रीची चाचणी प्रसिद्ध केली आणि मृताच्या जठरातले विष न्यायालयात काचेवरच्या काळ्या चकाकत्या थराच्या रूपात दाखवता येऊ लागले. मुंबईचे केमिकल अ‍ॅनलायझर आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक आय. बी. लायन यांनी अशा प्रकरणांच्या अनुभवातून भारतासाठी न्यायवैद्यकाचा जो ग्रंथ लिहिला, तो पुढे कित्येक पिढ्यांच्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी वापरला.

मद्रासच्या या जुन्या प्रयोगशाळेने एक शिस्त घालून दिली आणि तिचे महत्त्व रसायनांपेक्षा कमी नव्हते. जिल्ह्याच्या सर्जनने व्हिसेरा, म्हणजे मृताचे अंतर्गत अवयव, बाटलीत भरायचा, तोंडावर लाखेची मोहोर करायची, मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर पाठवायचा आणि प्रयोगशाळेने बाटली उघडण्याआधी दोन्ही ताडून पाहायचे. मोहोर तुटलेली असेल तर तशी नोंद व्हायची. केमिकल एक्झामिनर स्वतः साक्षीला न येता त्याचा अहवाल पुराव्यात वाचता यावा, अशी सोय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५१० ने केली होती. ही सवलत विश्वासावर उभी होती, आणि तो विश्वास मोहोरेवर.

रक्ताच्या बाबतीत मात्र एकोणिसाव्या शतकातली प्रयोगशाळा लंगडी होती. धोतरावरचा डाग रक्ताचा आहे इतके तिला सांगता येई. ते माणसाचे की बोकडाचे, हे नाही. बोकड कापल्याचा किंवा कोंबडी मारल्याचा खुलासा आरोपीने केला की पुरावा तिथेच अडे. १९०१ मध्ये जर्मनीतील पाउल उलेनहुट यांनी रक्तद्रवाच्या साह्याने माणसाचे आणि जनावराचे रक्त वेगळे ओळखण्याची पद्धत काढली, आणि १९१० मध्ये कलकत्त्याला 'सीरॉलॉजिस्ट'चे स्वतंत्र कार्यालय निघाले. पुढची अनेक वर्षे मद्रास किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेने डाग रक्ताचा ठरवायचा आणि तोच कपडा कलकत्त्याला पाठवून तो माणसाचा ठरवून घ्यायचा, असा दुहेरी मार्ग चालला. जुन्या निकालपत्रांत केमिकल एक्झामिनर आणि सीरॉलॉजिस्ट यांचे दोन अहवाल शेजारी शेजारी दिसतात ते त्यामुळे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले तेव्हा माणसामाणसांतला फरकही हाती आला, पण तो फार ढोबळ होता. 'ओ' गट तर दर दहांत तीन-चार जणांचा असतो. रक्तगट एखाद्याला वगळू शके. हाच तो माणूस, असे ठामपणे सांगू शकत नसे. वगळण्यातही किती चकवा असू शकतो हे मुंबईतच उघड झाले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका अनोख्या रक्तगटाची नोंद केली. तो पुढे जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला गेला. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' गटाचे दिसते, पण त्या व्यक्तीच्या जनुकांत 'ए' किंवा 'बी' दडलेला असू शकतो आणि तो अपत्यात प्रकट होतो. म्हणजे केवळ रक्तगट पाहून खऱ्या बापाला किंवा खऱ्या आईला नाकारण्याची वेळ येऊ शकते. पितृत्वाच्या दाव्यांत रक्तगटावर विसंबणाऱ्यांनी ही मराठी डॉक्टरांची नोंद कायम समोर ठेवायला हवी होती.

त्याच वर्षी मद्रास शहर आळवंदार खून खटल्याने हादरले. ऑगस्ट १९५२ मध्ये बोट मेलच्या डब्यात एका ट्रंकेत शिर नसलेले धड सापडले आणि काही काळाने रायपुरमच्या किनाऱ्यावर एक शिर मिळाले. दोन्ही एकाच माणसाचे आणि तो माणूस म्हणजे बेपत्ता झालेला व्यापारी आळवंदार, हे कान टोचल्याच्या खुणा, दात आणि बोटांचे ठसे यांवरून जुळवावे लागले. मद्रास मेडिकल कॉलेजातल्या न्यायवैद्यकांचे हे काम आजही पाठ म्हणून शिकवण्याजोगे आहे. पण त्याला बोटे शाबूत असावी लागली, चेहऱ्याची चिन्हे ओळखणारे कुटुंब असावे लागले. ठशांची पद्धत भारतात जुनीच होती. जगातले पहिले ठसे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यातच निघाले होते. जिथे बोटच उरलेले नाही, फक्त एक डाग किंवा हाडाचा तुकडा आहे, तिथे या पद्धतीकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर १० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात मिळाले. अ‍ॅलेक जेफ्रीज माणसाच्या डीएनएतील काही पुनरावृत्त तुकड्यांचा अभ्यास करत होते. क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या पट्ट्या माणसागणिक वेगळ्या आहेत आणि मुलाची प्रत्येक पट्टी आईकडून किंवा बापाकडून आलेली आहे, हे त्यांच्या लक्षात आले. यालाच त्यांनी डीएनए फिंगरप्रिंट म्हटले. १९८५ मध्ये ही पद्धत आधी उपयोगी पडली ती एका घानावंशीय मुलाला ब्रिटनमध्ये आईजवळ राहण्याचा हक्क मिळवून द्यायला. त्यानंतर लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये झालेल्या दोन मुलींच्या खुनांत तिने पहिले काम केले ते संशयिताला सोडवण्याचे. सतरा वर्षांच्या एका मुलाने यातल्या एका खुनाची कबुली पोलिसांना दिली होती. डीएनएने तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार १९८८ मध्ये शिक्षा पावला. कबुलीजबाबावर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक पोलीस दलाने हा क्रम लक्षात घ्यावा असा आहे.

त्या काळची प्रयोगशाळेतली कृती सावकाशीची होती. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३२० कोटी अक्षरे असतात आणि कोणत्याही दोन माणसांत त्यातला जवळजवळ ९९.९ टक्के भाग सारखाच असतो. उरलेल्या भागात काही ठिकाणी अक्षरांचा एकच छोटा गट पुन्हा पुन्हा येतो, जपमाळेतल्या मण्यांसारखा. मणी तेच, पण त्यांची संख्या माणसागणिक वेगळी. रक्तातून डीएनए वेगळा काढून त्यावर एक विकर सोडत. हे विकर ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच साखळी कापते, त्यामुळे पुनरावृत्ती जास्त असलेला तुकडा लांब आणि कमी असलेला आखूड निघतो. हे तुकडे अगारोज जेलच्या वडीत घालून वीजप्रवाह दिला की डीएनए धन टोकाकडे सरकतो. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात. मग ते जेलमधून पातळ पटलावर टिपून घेत. ही युक्ती एडविन सदर्न यांची, १९७५ ची. त्या पटलावर किरणोत्सारी फॉस्फरस जोडलेला शोधक तुकडा सोडत. तो आपल्या जोडीचा अक्षरक्रम सापडेल तिथेच चिकटे आणि फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटत. या साऱ्याला आठवडे लागत आणि रक्ताचा बऱ्यापैकी मोठा, ताजा डाग लागे.

शोधक तुकडा हाच या पद्धतीचा प्राण होता, आणि जेफ्रीज यांच्या शोधकांवर एका ब्रिटिश कंपनीचा व्यापारी हक्क होता. भारताला स्वतःचा शोधक मिळाला तो एका सापामुळे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातले लालजी सिंह बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करून एडिंबराला गेले होते. तिथे पट्टेरी मण्यारच्या मादीच्या डीएनएत त्यांना एक पुनरावृत्त भाग सापडला. त्याला 'बीकेएम' नाव मिळाले. जी-ए-टी-ए ही चार अक्षरे त्यात पुन्हा पुन्हा येत होती आणि हाच क्रम माणसासह अनेक प्राण्यांत विखुरलेला निघाला. १९८७ मध्ये ते हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आले आणि वर्षभरात याच क्रमापासून त्यांनी माणसाची ओळख पटवणारा शोधक तयार केला. लिंगनिश्चितीच्या मूलभूत संशोधनातून न्यायालयाचे साधन निघाले. अशा संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

त्याची पहिली कसोटी झाली ती एकेकाळी मद्रास इलाख्यात असलेल्या मलबारमध्ये. थलश्शेरीच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका स्त्रीने मुलाच्या पोटगीचा दावा लावला होता आणि संबंधित पुरुष पितृत्व नाकारत होता. तिघांचे रक्त हैदराबादला गेले. मुलाच्या ज्या पट्ट्या आईशी जुळत नव्हत्या त्या त्या पुरुषाच्या पट्ट्यांशी जुळल्या. लालजी सिंह यांनी स्वतः साक्ष दिली, १९८९ मध्ये न्यायालयाने हा पुरावा स्वीकारला आणि पुढे केरळ उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. भारतीय न्यायालयाने डीएनए फिंगरप्रिंटिंग मान्य केल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. ते खुनाच्या खटल्यात नव्हे, एका मुलाच्या पोटगीसाठी घडले, ही गोष्ट या विज्ञानाच्या भारतीय इतिहासात ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

दोन वर्षांनी हे विज्ञान मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दाराशी आले. जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्याच्या वायव्य भागातल्या श्रीपेरुंबुदूर येथे २१ मे १९९१ च्या रात्री माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची स्फोटात हत्या झाली.

त्या रात्री मैदानावर जे उरले होते त्यातून घटना उभी करण्याचे काम तमिळनाडूच्या न्यायसहायक विज्ञान विभागाचे संचालक पी. चंद्रशेखरन यांच्याकडे आले. १८४९ च्या केमिकल एक्झामिनरचाच वारसा या विभागाकडे आहे आणि त्याचे मुख्यालय आज मयिलापूरला कामराजर सालैवर आहे. मृतदेहांवरच्या जखमांची दिशा त्यांनी तपासली. एका तरुणीचे शिर आणि हातपाय मिळाले होते, पण मधले धड जवळजवळ नाहीसे झाले होते. स्फोटक तिच्याच अंगावर बांधलेले होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. विखुरलेल्या अवशेषांचे नमुने हैदराबादला पाठवण्यात आले आणि डीएनए चाचणीने ओळखीच्या या मांडणीला दुजोरा मिळाला. मरण पावलेल्या छायाचित्रकाराच्या शाबूत राहिलेल्या कॅमेऱ्यातली चित्रे, जखमांचा अभ्यास आणि डीएनए अशा तीन वेगळ्या वाटा एकाच जागी पोचल्या. चांगल्या तपासात डीएनए असाच असतो, इतर पुराव्यांच्या सोबतीने.

तमिळनाडूतच या पद्धतीची आणखी एक कठोर परीक्षा झाली. तिरुचिरापल्लीजवळच्या आश्रमातील मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप स्वामी प्रेमानंद यांच्यावर होता. एका पीडितेच्या गर्भपातानंतर जपून ठेवलेले ऊतक सीसीएमबीकडे गेले आणि आरोपीचे पितृत्व सिद्ध झाल्याचा अहवाल आला. बचाव पक्षाने ब्रिटनहून तज्ज्ञ आणून त्याला आव्हान दिले. दोन शास्त्रज्ञांचे परस्परविरुद्ध म्हणणे ऐकून एका जिल्हा न्यायालयाने निर्णय करावा, असा तो प्रसंग होता. पुदुकोट्टैच्या सत्र न्यायाधीश आर. भानुमती यांनी १९९७ मध्ये सीसीएमबीचा अहवाल ग्राह्य धरून जन्मठेपेची शिक्षा दिली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भानुमती पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. वाढत्या मागणीमुळे १९९० च्या दशकाच्या मध्याला हैदराबादला सीडीएफडी, म्हणजे डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्र, हे स्वतंत्र केंद्र निघाले, आणि यथावकाश चेन्नई, मुंबईतील कालिना, नागपूर अशा ठिकाणच्या राज्य प्रयोगशाळांतही डीएनए विभाग आले.

या काळात प्रयोगशाळेतली कृती मात्र मुळापासून बदलली. अमेरिकेतील कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएच्या हव्या तेवढ्याच तुकड्याच्या प्रती काढता येऊ लागल्या. लांब पुनरावृत्त भागांऐवजी आता चार-चार अक्षरांच्या छोट्या पुनरावृत्त्या, म्हणजे एसटीआर तपासतात. त्यांत लालजी सिंह यांना मण्यारमध्ये दिसलेली जी-ए-टी-ए ही चार अक्षरेही आहेत. तुकडा छोटा असल्याने कुजलेल्या, जळलेल्या नमुन्यातही तो शाबूत सापडण्याची शक्यता जास्त.

काम सुरू होते ते प्रयोगशाळेबाहेर, पंचनाम्याच्या वेळी. रक्ताचा किंवा वीर्याचा डाग असलेला कपडा सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. चेन्नईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत हे फार लवकर घडते. फॉर्मेलिनमध्ये घातलेले ऊतक डीएनएसाठी जवळजवळ वाया जाते. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेला असेल तर मांडीचे हाड आणि दाढा घेतात, कारण त्यांच्या कठीण भागात डीएनए सर्वाधिक काळ टिकतो.

प्रयोगशाळेत डागाचा तुकडा कापून पेशी फोडतात. प्रोटीनेज-के हे विकर प्रथिने पचवते. मग फिनॉल आणि क्लोरोफॉर्मने, किंवा नव्या यंत्रांत सिलिकाचे लेप दिलेल्या चुंबकीय कणांनी डीएनए वेगळा केला जातो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत स्त्रीच्या आणि पुरुषाच्या पेशी मिसळलेल्या असतात. तिथे एक सुंदर युक्ती वापरतात. शुक्रपेशीचे कवच जास्त चिवट असते, म्हणून आधी सौम्य द्रावणाने बाकीच्या पेशी फोडून त्यांचा डीएनए बाजूला काढतात आणि मग वेगळे रसायन घालून शुक्रपेशी फोडतात. एकाच डागातून दोन माणसे अशी वेगळी होतात.

मिळालेला डीएनए मोजला जातो. साधारण एक नॅनोग्रॅमही पुरतो. मग पीसीआर यंत्रात तो सुमारे ९४ अंश सेल्सिअसला तापवला की दुहेरी साखळी सुटते, सुमारे ६० अंशांना ठरावीक जागी सुरुवातीचे छोटे तुकडे चिकटतात आणि त्यानंतर विकर नवी साखळी विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. २८ फेऱ्या झाल्या की हिशेबाने एका रेणूचे जवळजवळ २७ कोटी रेणू होतात. सुरुवातीच्या तुकड्यांना वेगवेगळ्या रंगांची चमकणारी द्रव्ये जोडलेली असतात. प्रती केसाइतक्या बारीक काचनळीतून वीजप्रवाहाने धावतात, शेवटी लेझरसमोरून जाताना चमकतात आणि संगणकावर शिखरांचा आलेख तयार होतो. ज्ञात लांबीच्या तुकड्यांशी ताडून प्रत्येक शिखराला आकडा दिला जातो: या ठिकाणी बारा आणि पंधरा पुनरावृत्त्या, त्या ठिकाणी आठ आणि आठ. एक आकडा आईकडचा, एक बापाकडचा. सोबत अ‍ॅमेलोजेनिन हा भाग स्त्री की पुरुष हे दाखवतो. अमेरिकेच्या एफबीआयने आधी अशी १३ ठिकाणे ठरवली होती. २०१७ पासून ती २० आहेत. कालिना असो की मयिलापूर, अहवालाच्या पाठीमागचा ऐवज म्हणजे हे आकड्यांचे कोष्टक.

एका ठिकाणचे आकडे जुळणे ही मोठी गोष्ट नाही. एखादी जोडी दहांत एकाकडे असेल असे धरले, तर तशा तीन ठिकाणी जुळणी हजारांत एकाची, सहा ठिकाणी दहा लाखांत एकाची होते आणि वीस ठिकाणी ती शक्यता पृथ्वीवरच्या लोकसंख्येच्या कितीतरी पलीकडे जाते. एकसारखी जुळी भावंडे हा मात्र अपवाद. पण हा गुणाकार खरा ठरायचा तर कोणता आकडा समाजात किती वारंवार आढळतो हे माहीत हवे. शतकानुशतके जातीतच विवाह होत आलेल्या भारतात एका समाजाची वारंवारता दुसऱ्याला लावता येत नाही. म्हणून भारतीय समाजगटांच्या वारंवारता इथेच मोजाव्या लागतात. ज्या अहवालात 'जुळते' एवढाच शब्द आहे आणि शक्यतेचा आकडा नाही, तो अपुरा आहे. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरचे एसटीआर बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जातात आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो, त्यामुळे या दोन चाचण्या कूळ सांगतात, व्यक्ती नव्हे.

कायदा विज्ञानामागून हळूहळू चालला. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ११२ विवाहात जन्मलेल्या मुलाला औरस मानत असे. पती-पत्नीचा संपर्कच नव्हता हे दाखवले तरच ते खोडता येई. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की रक्ताची चाचणी सहज मागावी आणि सहज द्यावी अशी गोष्ट नाही, कारण तिचा घाव मुलावर आणि आईवर पडतो. २०१४ मध्ये पितृत्वाच्या एका वादात नागपूर आणि हैदराबाद अशा दोन प्रयोगशाळांच्या डीएनए चाचण्यांनी पती हा पिता नसल्याचे दाखवले, तेव्हा न्यायालयाने गृहीतकापेक्षा वैज्ञानिक सत्य वरचढ मानले. दोन्ही निकालांत तथ्य आहे, आणि त्यांच्यातला ताण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसाच उतरला आहे. बलात्काराच्या आरोपीची आणि पीडितेची डीएनए नमुन्यांसह वैद्यकीय तपासणी फौजदारी प्रक्रिया संहितेत आली ती २००५ च्या दुरुस्तीने. डीएनए तंत्रज्ञान नियमनाचे स्वतंत्र विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले.

यंत्र जसजसे तीक्ष्ण झाले तसतशी चुकीची जागाही बदलली. पीसीआर दोन-चार पेशींचीही नक्कल काढते. मग त्या पेशी आरोपीच्या असोत, हवालदाराच्या असोत की तंत्रज्ञाच्या. जर्मनीत २००९ पर्यंत पोलीस एका अज्ञात स्त्री गुन्हेगाराचा पाठलाग करत होते, कारण तिचा डीएनए खुनापासून घरफोडीपर्यंत डझनावारी गुन्ह्यांत सापडत होता. तो निघाला नमुने टिपायचे कापसाचे बोळे कारखान्यात बांधणाऱ्या एका कामगार स्त्रीचा. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत प्रत्येक फेरीसोबत एक कोरा नमुना चालवतात. त्यात शिखर दिसले की सगळी फेरी रद्द. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे डीएनए आलेखही ताडून पाहण्यासाठी नोंदवून ठेवतात.

तरीही भारतीय न्यायालयांत डीएनएचा पुरावा कोसळतो तो बहुधा यंत्रावर नव्हे, मुद्देमाल खोलीत. दिल्लीतील छावला येथील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आरोपींना सोडले, तेव्हा नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत पडून होते, हे एक कारण नोंदवले गेले. १८४९ च्या केमिकल एक्झामिनरने बाटलीच्या मोहोरेकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे लक्ष दीडशे वर्षांनंतरच्या पाकिटाला मिळाले नाही, असेच म्हणावे लागते. त्याची किंमत दोन्हीकडून मोजली जाते: अपराधी सुटू शकतो आणि निरपराध माणूस फाशीच्या कोठडीत वर्षे काढू शकतो.

दुसरी शक्यता किती जवळची आहे हे तमिळनाडूच्याच खटल्याने दाखवले. २०११ मध्ये तेनी जिल्ह्यात सुरुळी धबधब्याच्या परिसरात एका तरुण जोडप्याचा खून झाला. आरोपीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नमुने कोणी घेतले, कुठे ठेवले, प्रयोगशाळेत पोचायला उशीर का झाला, याचा समाधानकारक हिशेब सरकारी पक्षाला देता आला नव्हता. त्या निकालात न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुन्याच्या पाकिटावर गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, पोलीस ठाणे आणि तपास अधिकाऱ्याचे नाव हवे. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि उशीर झाल्यास कारण केस डायरीत लिहिले पाहिजे. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचे नाही, बदलायचे नाही, पुन्हा मोहोरबंद करायचे नाही. आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही आरोपीला शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडायची.